मिरजेची वाट: दवाखान्याची आणि गाण्याची

मागच्या खेपेला मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलले होते, आणि पुढच्या खेपेला कडधान्याच्या विक्रीवर बोलेन. आज मात्र गाण्यावर बोलणार आहे. बचत गटाच्या बाईला गाण्याचं काय पडलंय, असं वाटेल कुणाला. मलाही दोन वर्षांपूर्वी तसंच वाटलं असतं.

झालं असं की आमच्या आत्तींच्या, म्हणजे सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. आमच्याकडं दुखणं मोठं असलं की मिरज. कुणाचा पाय मोडला, मिरज. बाळंतपण अडलं, मिरज. लहानपणापासून मिरज म्हटलं की माझ्या नाकात दवाखान्याचा वास यायचा. ऑपरेशन झालं, आत्ती झोपल्या, नणंद सोबतीला होती म्हणून मी जरा पाय मोकळे करायला बाहेर पडले. दर्ग्याचा उरूस चालू होता. पाळणे, खेळण्यांची दुकानं, खाजा, गर्दी. त्या गर्दीतून आत गेले, तर एका बाजूला सतरंज्या घातलेल्या आणि एक बाई गात बसलेली. मागं दोन तंबोरे. समोर कोण? टोपी घातलेले आजोबा, कडेवर मूल घेतलेली बाई, कॉलेजची पोरं, एक हमाल डोक्याचं मुंडासं मांडीवर ठेवून बसलेला. तिकीट नाही, पास नाही. मी पण बसले. काय गात होती ते मला कळलं नाही, खोटं कशाला सांगू. पण उठवेना. नणंदेचा फोन आला तेव्हा तास उलटून गेला होता.

घरी आल्यावर मी हे सगळं कुठून आलं ते शोधायला लागले. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण त्यात तह आणि लढाया. आपल्या बाजारगावाचा इतिहास कुणी शिकवला नव्हता. वाचत गेले, दोन-चार जाणत्या माणसांना विचारलं, आणि एक गंमत सापडली. मिरजेचं गाणं आणि मिरजेचं दुखणं एकमेकांत पार गुंतलेलं आहे.

विष्णु दिगंबर पलुस्कर हे नाव कदाचित ऐकलं असेल. गाण्याची शाळा, गाण्याच्या परीक्षा, हे जे आज गावोगाव दिसतं त्याचं मोठं श्रेय त्यांचं. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. पण हे पलुस्कर कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्यानं डोळ्यांना इजा झाली आणि उपचाराला त्यांना मिरजेला आणलं. डोळे पूर्ण बरे होईनात. मग पोरगं काय करणार? गाणं शिकणार. मिरजेत तेव्हा बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर होते, ग्वाल्हेरची गायकी शिकून आलेले. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांनी त्या मुलाच्या शिकण्याची व्यवस्था केली.

दुसरे बालगंधर्व. त्यांचा कान दुखायचा, ऐकू कमी यायला लागलं होतं. शाहू महाराजांनी त्यांना मिरजेच्या मिशन दवाखान्यात पाठवलं. त्याच सुमारास किर्लोस्कर मंडळीला चांगल्या गळ्याचा मुलगा हवा होता. १९०५ मध्ये मिरजेतच ते पहिल्यांदा शकुंतला होऊन रंगभूमीवर आले. पुढं अख्ख्या महाराष्ट्रातल्या बायका त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. बाईसारखं कसं दिसावं ते बायकांनी एका पुरुषाकडून शिकावं, याचं मला आजही हसू येतं.

आणि तिसरे अब्दुल करीम खाँ. मूळचे उत्तरेकडचे, कैरान्याचे, जन्म १८७२ चा. बडोद्याच्या दरबारात गात होते. तिथं ताराबाई माने त्यांच्याकडं गाणं शिकायच्या. दोघांचं मन जुळलं, दोघं बडोदा सोडून निघाले. पुढं ते मिरजेला आले. त्या काळात प्लेगनं गावंच्या गावं ओस पडत होती. खाँसाहेबांना दुखण्यातून मिरासाहेबांच्या दर्ग्यात उतार पडला, तेव्हापासून ते मिरजेचे झाले, असं मिरजेत सांगतात. मग दर उरुसाला ते दर्ग्यासमोर बसून गायचे. दरबारात गाण्याचे पैसे घेणारा माणूस इथं फुकट गायचा, समोर जो बसेल त्याच्यासाठी.

त्या उरुसाची आणखी एक गोष्ट मला फार आवडली. दर्ग्यावर पहिला मानाचा गलेफ चढवतात तो चर्मकार समाजाकडून. पीर मुसलमानांचे, मान चर्मकारांचा, आणि गाणाऱ्याच्या तोंडी अनेकदा कृष्णाची चीज. आपल्याकडं आता प्रत्येक गोष्ट कुणाची ते आधी विचारतात. त्या रात्री माझ्या शेजारी बसलेल्या हमालानं मला काहीच विचारलं नाही, फक्त सतरंजीवर सरकून जागा केली.

खाँसाहेब गाण्याइतकेच हातानंही हुशार होते. तंबोरा, वीणा बिघडली तर स्वतः दुरुस्त करायचे. आणि एक सांगते, हसू नका, त्यांनी एका कुत्र्याला सुरात सूर लावायला शिकवलं होतं. टिपू मियाँ त्याचं नाव. माणूसच असा होता, की ज्याच्या गळ्यातून आवाज निघतो त्याला सूर शिकवता येतो असं त्यांना वाटायचं.

१९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना रेल्वेत त्यांच्या छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमाल कोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले, फलाटावर अंथरूण टाकलं, देवाचं नाव घेतलं, आणि तिथंच गेले. दरबारी रागात प्रार्थना म्हणत गेले असं सांगतात. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारातच दफन केलं. तेव्हापासून उरुसात त्यांच्या आठवणीत गाणं होतं. मी ज्या सतरंजीवर बसले होते, ती अशी जुनी होती.

पण मैत्रिणींनो, आता मला ताराबाईंबद्दल बोलायचं आहे, कारण खाँसाहेबांबद्दल सगळेच बोलतात. दोघांना पाच मुलं झाली. पुढं दोघांचं पटलं नाही. ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दुसऱ्या धर्मात संसार केलेली बाई, पदरात पाच लेकरं. त्यांनी मुलांना माने हे स्वतःचं आडनाव लावलं आणि गाणं हाच धंदा करून घर उभं केलं. नाटक मंडळी काढली, त्यात बायकांची कामं बायकांनीच केली. मुलीही रंगभूमीवर उभ्या राहिल्या. मंडळी फार वर्षं चालली नाही. धंदा म्हटला की बसतो कधी कधी, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

त्यांची थोरली लेक म्हणजे हिराबाई बडोदेकर. जन्म मिरजेचा, १९०५ चा. त्या आधी शास्त्रीय गाणाऱ्या बायका म्हणजे कुणाच्या तरी माडीवर, कुणाच्या तरी आश्रयानं गाणाऱ्या. ऐकायला येणारे पुरुष, पैसे देणारे पुरुष, आणि बाहेर गेल्यावर नाकं मुरडणारेही तेच पुरुष. हिराबाईंनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. अशा मैफली करणाऱ्या महाराष्ट्रातल्या पहिल्या काही बायकांत त्या होत्या. साधं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर, मांडी घालून बसायचं, हावभाव नाहीत, फक्त सूर. तिकीट काढून जो येईल तो आत येणार, बायकोला घेऊनही येणार. तिकीट ही किती मोठी गोष्ट आहे बघा. तिकीट लावलं म्हणजे बाई कुणाच्या मेहेरबानीवर गात नाही. ती काम करते आणि कामाचा दाम घेते. आपण लोणचं विकताना आधी ‘असू दे, घ्या’ म्हणायचो आणि मग दरपत्रक लावायला शिकलो, ते आठवलं मला. १९७० मध्ये हिराबाईंना पद्मभूषण मिळालं. त्यांची धाकटी बहीण सरस्वतीबाई राणे, भाऊ सुरेशबाबू माने, हेही मोठे गवई झाले. खाँसाहेबांच्याच एक शिष्या रोशनआरा बेगम फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या आणि तिकडं मोठ्या झाल्या. म्हणजे मिरजेचं गाणं बायकांनी सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना पोचवलं.

एका ठिकाणी दर्गा, फुकट गाणं. दुसऱ्या ठिकाणी हिराबाईंचं तिकीट. मला आधी वाटलं यातलं एकच बरोबर असणार. आता वाटतं, गावाला दोन्ही लागतं. गवयाचं पोट भरायला तिकीट पाहिजे, आणि ज्याच्याकडं तिकिटाला पैसे नाहीत त्याच्या कानावर गाणं पडायला सतरंजी पाहिजे. मिरजेत नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही असंच खुलं गाणं असतं. मोठमोठे कलाकार देवीपुढं सेवा म्हणून गाऊन, वाजवून जातात.

आता वाद्यांकडं येते. ही गोष्ट खास आपल्या शेतकरी बायकांसाठी आहे.

मिरजेत सतारमेकर गल्ली आहे. तिथल्या घरांत पिढ्यानपिढ्या सतारी आणि तंबोरे होतात. पण ही माणसं मूळची सुतार नव्हेत, शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांचं राज्य आलं, संस्थानांच्या लढाया संपल्या, तलवारी खुंटीला टांगल्या गेल्या. धार कुणाला लावणार? साधारण एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं वाद्यं दुरुस्त करायला घेतली आणि मग नवीन घडवायला सुरुवात केली. संस्थानिकांना गाण्याचा नाद होता, गवई येत होते, त्यांच्या तंबोऱ्याच्या तारा तुटत होत्या, भोपळे तडकत होते. काम मिळालं, त्यातून घराणंच उभं राहिलं. हत्यार गेलं तरी हाताची नजर गेली नाही. चरितार्थ कसा बदलायचा यावर आपल्याला मोठमोठी प्रशिक्षणं देतात, त्यात हे उदाहरण कुणी का सांगत नाही कोण जाणे.

तंबोऱ्याचा खालचा गोल भाग, जिथून आवाज घुमतो, तो भोपळा असतो. खरा, वेलीवरचा. पण खायचा नव्हे, कडू. तो पंढरपूर-मंगळवेढ्याकडं, भीमेच्या काठाला पिकतो. मोठा होऊन वेलीवरच वाळावा लागतो. पावसानं भिजला, जनावरानं लाथ मारली, की संपलं. वाळला की कारागीर तो बघून घेऊन येतात, बी-गर काढतात, कापतात, त्यावर लाकडाची तबली बसवतात, दांडी जोडतात, खुंट्या बसवतात. बाईच्या गळ्याचा तंबोरा वेगळा, लहान, वरच्या पट्टीचा. बुवाचा मोठा, खालच्या पट्टीचा. म्हणजे गाणारा कोण ते कारागिराला आधी विचारावं लागतं, ब्लाउज शिवणारीनं माप घ्यावं तसं.

सगळ्यात शेवटी जवारी. तारा ज्या घोडीवर टेकतात तिचा माथा घासून घासून असा करतात की तार तिच्यावर जेमतेम टेकेल. मग तारेखाली सुताचा एक धागा सरकवतात. धागा केसभर पुढं-मागं केला की एकदम आवाज उघडतो, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा घुमतो. हे मी स्वतः पाहिलं आहे. मोजायला पट्टी नाही, मशीन नाही. कारागीर कान लावतो आणि घासतो, परत कान लावतो.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारचं भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे मिरजेच्या नावानं दुसरीकडचा माल खपवता येणार नाही. चांगलं झालं. पण एका कारागीर चाचांना मी विचारलं, आता बरं दिवस आले का? ते म्हणाले, “बेटा, नाव राखलं सरकारनं. पण पोरगा म्हणतो मी कंपनीत जातो. भोपळा लावणाऱ्यांनी ऊस लावला. आणि गाणाऱ्यांनी खिशात बसणारी पेटी घेतली.” ती पेटी म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरा. आता तर मोबाइलमध्येही मिळतो. प्रवासात बरा पडतो, मी त्याला नावं ठेवत नाही. पण त्याला भोपळा लागत नाही, जवारी लागत नाही, चाचाही लागत नाहीत.

रात्रीच्या गाण्याचंही तसंच. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमाप्रमाणं रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते कडक केलं. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकतं. नियम हवाच होता. ज्यांच्या घरात तान्हं मूल आणि आजारी माणूस आहे त्यांना विचारा, मी स्वतः त्याच्या बाजूची आहे. पण पूर्वी मैफली पहाटेपर्यंत चालायच्या. मध्यरात्रीचे राग वेगळे, पहाटेचे वेगळे. आता दरबारी, मालकंस ऐकायला रात्रच उरत नाही. दोन तंबोरे आणि एक गळा यांनी कुणाची झोप मोडली नव्हती. झोप मोडली ती भिंती हादरवणाऱ्या डॉल्बीनं, आणि दार बंद झालं दोघांनाही.

डॉल्बीचं नाव काढलं, तर आता खरं सांगायलाच पाहिजे. चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या जत्रेला डॉल्बी आणायचं ठरलं. आमच्या गटाकडंही वर्गणी मागितली. गटाच्या जमलेल्या व्याजातून ती द्यायची असा ठराव झाला, आणि तो इतिवृत्तात लिहिला मीच, माझ्या अक्षरात. सह्या घेताना आमच्या भजनी मंडळातल्या एक आजी म्हणाल्या, “आमच्या पेटीला भाता बसवायचा म्हनलं तवा पैसं न्हाईत म्हनला हुता की.” मी म्हटलं, आजी, पोरांचा उत्साह आहे, एक वर्ष. ते एक वर्षाचं चार वर्षं झालं. गुरुवारचं भजन आधी महिन्यावर गेलं, मग बंदच पडलं. कुणी बंद केलं नाही. त्या आजी, पेटी आणि देवळातली वीणा, तिघी आपापल्या जागी गप्प झाल्या. त्या वीणेच्या भोपळ्याला तडा गेलेला आणि ती खुंटीला टांगलेली. सप्ताहाला शेजारच्या गावची उसनी आणायची.

दर्ग्यातल्या त्या रात्री मला हीच वीणा आठवत होती. मिरजेचं गाणं राजेसाहेब गेल्यावर संपलं नाही, खाँसाहेब गेल्यावरही संपलं नाही, कारण कुणीतरी सतरंजी घालत राहिलं, कुणीतरी भोपळा लावत राहिलं आणि हमाल येऊन बसत राहिला. आणि आमच्याकडं एका ठरावानं, बारा सह्यांनी संपलं.

मी बैठकीत हे सगळं सांगितलं. मिरजेचा इतिहास सांगितला, ताराबाई सांगितल्या, टिपू मियाँ सांगितला. सगळ्या हसल्या. मग मी म्हटलं, यंदा डॉल्बीची वर्गणी नाही, वीणा दुरुस्त करू. वाद झाला. एकजण म्हणाली, वीणा गळ्यात घालायचा मान पुरुषांचा, पैसे मात्र आपले का? बरोबर होतं तिचं. यावर अजून भांडण चालू आहे, मिटलेलं नाही. पण ठराव झाला, बाराच्या बारा सह्या झाल्या, पहिली सही त्या आजींची. पेटीच्या भात्याचंही त्यातच लिहून घेतलं.

गेल्या आठवड्यात मी आणि त्या आजी वीणा घेऊन एस.टी.नं मिरजेला गेलो. जुन्या इरकल लुगड्यात गुंडाळून आजींनी ती मांडीवर धरली होती. कंडक्टरनं विचारलं, काय दुखतंय मावशी? आजी म्हणाल्या, “मला न्हाई, हिला.” सतारमेकर गल्लीत चाचांनी लुगडं सोडलं, भोपळ्यावर बोटाची गाठ वाजवली, कान लावला, परत वाजवली. म्हणाले, भोपळा बदलावा लागेल, दांडी चांगली आहे, जुनं लाकूड आहे, आता असं मिळत नाही. महिन्याभरानं या. आजींनी विचारलं, जवारी काढून देणार न्हवं? हा शब्द मी त्यांना शिकवलेला नव्हता.